उजवा कान

ओतिया सांगतो, तेव्हा पैसे शेपटीचे नव्हते, कानाचे होते.
पोत्यात शेपट्या मावत नसत
आणि मुकादमाला कान मोजायला सोपे.
तेही उजवेच. डावा आणलास तर फुकट,
नाहीतर एकाच कुत्र्याचे दोनदा उचलतील.
एवढा भरवसा होता माणसांचा माणसांवर.

त्या हिवाळ्यांत त्बिलिसीत वीज नसायची.
लोक घरातली लाकडी जमीन उचकटून चुलीत घालत.
ओतियाच्या दोन मुली, दोघींना खोकला,
आणि रॉकेलचा एक डबा आठ कानांना पडायचा.
हे सांगताना तो आठ बोटं वर करतो,
मग ती कुठे ठेवायची ते त्याला कळत नाही.

आता तो आमच्या गाडीवर आहे. पालिकेची गाडी, निळी.
हातात जाळं, खिशात सुक्या पावाचे तुकडे.
भूल, नसबंदी, रेबीजची सुई,
मग डाव्या कानात पिवळा बिल्ला
आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं.
मी वहीत नंबर लिहिते, तो चिमटा दाबतो.
खट्.
दाबण्याआधी वाकून कुत्र्याच्या कानात
काहीतरी पुटपुटतो. रोज. प्रत्येकाच्या.
काय म्हणतोस, मी एकदा विचारलं,
तर त्याने कानांवर हात ठेवले.

४४१७ हा चढावरच्या गल्लीतला.
बेकरीवाली गुलिको त्याला शोती म्हणते,
भट्टीतल्या लांब पावासारखा रंग म्हणून.
औषधवाला त्याला मेव्हण्याच्या नावाने हाक मारतो
आणि मेव्हणा आला की गप्प बसतो.
शाळा सुटली की ४४१७ चौकात उभा,
गाड्यांवर भुंकत, पोरांच्या पुढे पुढे.
कुणी शिकवलं नाही. कुणी पगारही देत नाही.
एरवी शहर त्याच्याकडे कानाडोळा करतं,
आणि कुत्र्याला बहुधा तेवढं पुरतं.

मग वर काचेची इमारत आली.
व्यवस्थापक वाझा, नम्र माणूस, अर्ज टंकून आणतो:
रहिवासी घाबरतात. लॉबीत केस सापडले.
मी म्हटलं, बिल्ला आहे, नियमाने तो तिथलाच.
"आणि बिल्ला नसेल तर?"
नसेल तर पुन्हा पकडावा लागेल, मी म्हटलं.
हे मी म्हटलं. वहीत नाही लिहिलं, पण म्हटलं.

नवव्या दिवशी गुलिकोचा फोन.
४४१७ भट्टीमागे, पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर.
डावा कान मुळापासून नाही.
धारदार काहीतरी. काम नीट केलेलं,
सवय असलेल्या हाताचं, किंवा सवय नसलेल्या पण न थरथरणाऱ्या.
गल्लीत कुणी काही पाहिलं नव्हतं.
औषधवाल्याने जखम धुतली, पैसे घेतले नाहीत,
आणि तीनदा सांगितलं की घेतले नाहीत.

टाके पडले. भूल उतरायला वेळ होता.
वहीत अशा कुत्र्यासाठी रकाना नाही.
मी जुनाच नंबर लिहिला, ४४१७,
नवा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.
ओतिया चिमटा हातात घेऊन उभा.
"एतेरी, उजवाच उरलाय."
मला माहीत आहे, मी म्हटलं.
"उजवा."
बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं,
सुरू होत नव्हती.
मी दाबू का, मी विचारलं.
त्याने मान हलवली. होय की नाही, कळलं नाही.
कान दोन बोटांत धरला, अंगठ्याने केस बाजूला केले,
पातळ जागा शोधली, जिथे शीर नसते.
"याला ऐकू येतं ना अजून?"
येतं. पाळीच गेली. आत सगळं शाबूत आहे.
"सगळं?"
सगळं.

त्या दिवशी तो वाकला नाही.
काहीच पुटपुटला नाही.
खट्.