जुना पार्ट

पारोळ्याच्या जिनिंगात एकतीस वर्षं फिटर होतो.
पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
एवढ्यावर सांगायचो
कोणतं मशीन हंगाम काढेल, कोणतं नाही.
आता रात्री लाइट जाते, पंखा थांबतो,
तेव्हा स्वतःलाच ऐकतो.
टिक्. टिक्.
लोखंड नाही ते, डॉक्टर म्हणाले, कार्बन आहे.
असेल.
सीटवर नीट बसतेय, गळत नाही,
एवढं मला कळतं.

तेरावं वर्ष हे.
सोमवार-गुरुवार अर्धी गोळी, बाकी दिवस अख्खी.
महिन्याला योगराज लॅबवाला येतो,
दंड बांधतो, "आप्पा, मूठ वळा."
संध्याकाळी आकडा येतो.
अडीच ते साडेतीनमध्ये असला
की घरात त्यावर कोणी बोलत नाही.
यंदा मार्गशीर्षात एक पूर्णांक सात आला.
मळ्यात भरीत होतं, वर ढीगभर कांद्याची पात,
दुसऱ्या दिवशी पोकळा, तिसऱ्या दिवशी परत पोकळा.
रक्त घट्ट व्हायला निघालं.
मग द्वारकाने वहीत लिहिलं:
पात, दर शनिवारी, एक मूठ.
मूठ कोणाची, यावरून आम्ही भांडलो.
तिची ठरली.

जळगावला इकोच्या बाकावर
एरंडोलच्या हमीदाबी भेटतात.
त्यांची झडप जनावराच्या पडद्याची.
गोळी नाही, आकडा नाही, आवाज नाही.
"पण माझी झिजणारी, भाऊ. तुमची कुठं झिजतेय!"
मी म्हटलं, झडप नाही झिजत.
बॉडी जुनीच आहे.
गुडघे दाखवले, डोळ्यातला मोतीबिंदू दाखवला.
त्या हसता हसता खोकल्या,
तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला.

जिनिंगात नियम होता:
जुना पार्ट स्टोअरला जमा,
मगच सही करून नवा.
नाशिकला तोंडातली नळी काढल्यावर
पहिलं विचारलं, "माझी कुठंय?"
सिस्टरला वाटलं, बायको.
"बाहेर बसल्यात काका, सकाळपासून."
पुन्हा विचारायचं राहिलं.
एकसष्ट वर्षं चालली होती ती,
एकदाही न उघडता.
हातात घेऊन बघायची होती
नेमकी कुठल्या बाजूनं गेली.

लाइट अजून आली नाही.
द्वारका कूस बदलते.
"आज जोरमा वाजी ऱ्हायनं."
"लाइट नही ना," मी म्हणतो.