अर्धा आटा

वायर अशी धरली की चार्जिंग होतं,
अशी सोडली की नाही.
म्हणून तिच्याखाली आगपेटी,
आगपेटीखाली कुणाच्यातरी मुंजीची पत्रिका, चौघडी करून,
आणि सगळं हलू नये म्हणून वर
शाहूपुरीच्या अडत्यानं दिवाळीला दिलेली
एक किलोची गुळाची ढेप.
मुंग्या येतात, बघतात,
प्लास्टिक फाडायचं त्यांना अजून सुचलेलं नाही.
बॅटरी अकरा टक्के. उद्या वीस तारीख.
सतरा जणांचा जीएसटी माझ्या मांडीवर
गरम होऊन बसलाय.

राजारामपुरीत दस्तगीर मुल्लाणीनं
आधी नुसतंच विचारलं.
कधीपासून? हलवल्यावर जातं, का आपोआप?
दिवा पिवळा की पांढरा?
मी म्हटलं, रात्री नऊनंतर ठणठणीत,
सकाळी अकराला अंग टाकतो.
त्यानं त्याचा चार्जर लावला. लागला.
माझा लावला. तोही लागला.
तासभर बसलो, दिव्यानं पापणी हलवली नाही.
दवाखान्याच्या पायरीवर दाढ थांबते, तसं.
'पिन बदलतो,' म्हणाला, 'मनाला बरं वाटंल.'
साडेचारशे रुपये.
मनाला बरं वाटलं,
मंगळवार पेठेच्या कोपऱ्यापर्यंत.

मग वही घेतली. हिशेबनिसाला दुसरं काय येतं?
डावीकडं आला, उजवीकडं गेला.
दहा वीस, गेला.
दहा पन्नास, आला.
अकरा पाच, गेला.
बारा चाळीसला आला तेव्हा
पेन टेकवता टेकवता कानाला काहीतरी
कमी पडल्यासारखं झालं.
खालची गिरण थांबली होती.

वही घेऊन जिना उतरलो.
रत्नमाला चौगुले पट्टा उतरवत होत्या,
भुवयांपर्यंत ज्वारी.
'तुमच्याकडंबी?' म्हणाल्या,
आणि फळीवरचा पुठ्ठ्याचा खोका काढला.
चार गेलेले बल्ब.
'मोटर सुरू केली की हा भगभगतोय नुसता, मग पटकन् जातोय.
मला वाटलं, बल्बच बोगस.
बोलले न्हाई. मालकाच्या कानावर गेलं असतं
तर म्हणाला असता, गिरण हलवा.'
मीही बोललो नव्हतो.
मला वाटलं होतं, यंत्र म्हातारं झालं,
नवं घ्यायला पैसे नाहीत, हे कशाला कुणाला.
एका जिन्याच्या दोन टोकांना
सहा महिने आम्ही एकच दुखणं
वेगवेगळ्या खर्चात घालत होतो.

वायरमन पिराजी लोहार जिन्याखाली वाकला,
मीटरच्या बोर्डावरची कोळिष्टकं फुंकली,
टेस्टर दातात धरून म्हणाला,
'न्यूट्रल ढिला हाय.
ह्या काळ्या वायरीचं काम काय, तर गेल्यालं माघारी आणायचं.
म्हणून कोण बघत न्हाई तिच्याकडं.'
मेन स्विच पाडला.
गल्लीतल्या तालमीतला शड्डू
अचानक खूप जवळून ऐकू आला.
टोक खरवडलं, स्क्रू आवळला.
अर्धा आटा. तेवढंच.
पैसे विचारले तर वर येऊन टेबलाकडं बघत राहिला.
'त्यो गूळ द्या. वायरीवर कोण ठेवतंय व्हय गूळ?'

वीस तारखेला गिरण दिवसभर चालली,
जमीन पायाखाली थोडी थरथरते तशी थरथरली,
दिवा पांढराच राहिला.
मी दर दहा मिनिटांनी त्याच्याकडं बघत होतो,
सवय.
सोळा विवरणपत्रं गेली.
सतराव्याला सरकारची साइटच बसली,
तिचा आटा कुठं असतो
पिराजीला ठाऊक नसावं.

मुंग्या आल्या. गुळाच्या जागेवर
चौकोनी स्वच्छ डाग, त्याला फेरा मारून गेल्या.
आगपेटी मी काढलेली नाही.

संध्याकाळी दळण आणायला गेलो तर
रत्नमालाबाईंनी खोका अजून टाकला नव्हता.
'फुकट गेले हो,' म्हणाल्या,
एक बल्ब उचलून कानाशी धरला, हलवला,
माझ्या कानाशी धरला.
आत बारीकसं काहीतरी
किणकिणत होतं.