अंगठा पुन्हा लावा

"मी, सगुणा धर्मा मढवी,
वय वर्षे एकोणसत्तर, राहणार घणसोली गाव,
पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता..."
वकीलबाई वाचत होत्या. मी मध्येच थांबवलं.
दबाव नाही असं कसं लिहिता बाई?
दोन मुलं आहेत मला.

हे तिसरं मृत्युपत्र.
पहिलं, धर्मा गेला त्या वर्षीचं:
सगळं प्रणितला, जागृतीला पाच तोळे,
तेही लग्नात घातलेले धरून.
दुसरं, नातू झाला तेव्हाचं:
त्यात नातवाचं नाव वाढलं, आणि एक ओळ,
की आईला शेवटपर्यंत सांभाळावं.
ती प्रणितनंच घालायला लावली, हे सांगायला हवं.
पोरगा वाईट नाही.
वाईट असता तर हा कागद सोपा गेला असता.

मग जागृती परत आली,
दोन बॅगा आणि शिलाई मशीन घेऊन.
तिनं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
मशीन खिडकीपाशी लागलं.

ती खोली सेक्टर चारातली, माझी.
सुकट, बोंबील, सोडे,
सव्वीस वर्षं फळीवर बसून घेतलेली.
मी म्हटलं, बँकेत पोरीला नॉमिनी लावलंय, तेवढं पुरे ना?
वकीलबाई म्हणाल्या, नॉमिनी म्हणजे राखणदार,
खळ्यावर बसतो तसा.
भात त्याचा नसतो.

खळं म्हटल्यावर बाबांचं शेत आठवलं.
चौऱ्याण्णव साली, ठाण्याच्या कचेरीत
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी
तिघा भावांना आम्हा दोघी बहिणींचं हक्कसोड हवं होतं.
मला सही येत होती. सातवी शिकलेले मी.
पण कारकुनानं शाईचा पॅड आधीच उघडून ठेवला होता
आणि मोठा म्हणाला, चल गं, उशीर होतो.
येताना साडी घेतली त्यानं, मोरपंखी.
चांगली होती. अजून आहे.
यादीत लिहायची राहिली.

रात्री जागृतीला सांगितलं, खोली तुझ्या नावावर करते.
भाकरी थापता थापता ती थांबलीसुद्धा नाही.
"मना नको, आये. दादाला वाईट वाटंल.
पाहिजे तर मी लिहून देते."

कोणी मागितलंही नव्हतं.
लिहून देते, हे तिला शिकवलं कोणी?
मी तर ती साडीसुद्धा कधी दाखवली नव्हती.

साक्षीदार वाटेकरी नसावेत,
आणि आपल्यापेक्षा तरुण असावेत.
मी मेडिकलवाला भावेश नेला
आणि शेजारच्या गाळ्यातली अंडीवाली नसीम.
"मावशी, तू गेल्यावर मला कोर्टात बोलावतील?"
बोलावतील कदाचित. नवा ड्रेस घालून जा.

फोटो झाला. मग त्या छोट्या यंत्रावर अंगठा.
यंत्राला माझा अंगठा दिसेना.
मुलगा म्हणाला, पुन्हा लावा.
पदराला पुसला. पुन्हा लावा.
बोंबलाचं मीठ, सोड्यांची सालं,
रेषा कुठे राहिल्यात तिथं.
पुन्हा लावा, मावशी, जरा दाबून.
ठाण्याला पहिल्याच खेपेला उमटला होता.

चौथ्यांदा कसाबसा लागला.
मग सही केली, सावकाश, पानापानावर.
मढवीतला ढ जरा मोठा आला,
माझा नेहमीच येतो.
यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत,
त्या ओळीखाली नसीमचं नाव, उर्दू वळणाचं मराठी.

प्रणितला अजून सांगितलेलं नाही.
रविवारी जेवायला येतोय.
गावातलं घर त्याचं, गाळा त्याचा,
हे आधी सांगायचं की खोलीचं आधी?
याचं कलम वकीलबाईंकडे नव्हतं.

सोडे भिजत घातलेत.
त्याला वांगं घातलेले आवडतात,
तिला नुसते.