हापशाचा दांडा

आम्ही हंडे घेऊन उतार उतरायला लागलो
की हापशाचा दांडा काढून घ्यायचे.
शिवी नाही, धक्का नाही.
एक बोल्ट, एक पाना,
आणि दांडा खांद्यावर टाकून
उखा पाटलाचा पोरगा घरी जायचा,
जसा कुणी शेतातून कुदळ घेऊन परततो.

पिंपळनेरच्या वरच्या अंगाला सव्वीस घरांचा पाडा,
त्यात आमची तीन घरं रविवारची.
बाप जन्मलाच रविवारी, म्हणून दित्या.
तो म्हणायचा, मला तर आजीनेच देवळात नेऊन बसवलं,
तिला माहीत नसताना.

बैठकीत कागद पुढे आला.
अंगठा दे, नारळ घे, झालं गेलं विसरू.
आईने अंगठा पदराला पुसला, उलटून पाहिला,
म्हणाली, हा रेशनला देऊन देऊन झिजला, आता उठायचा नाही.
लोक हसले.
मग एकेक जण हसायचा थांबला.

त्या रात्री पत्र्याच्या देवळावरून क्रूस गेला.
साक्रीच्या वेल्डरकडून आणलेला, लोखंडी अँगलचा,
निम्मे पैसे अजून द्यायचे होते.

धुळ्याहून पाळक आले.
दुःखाबद्दल फार सुंदर बोलले.
म्हणाले, हा तुमचा मुकुट आहे,
आणि चारची एसटी चुकू नये म्हणून
प्रार्थना आटोपती घेतली.
आई कळण्याची भाकर थापत होती. मला म्हणाली,
"दुखस ते दुखसच, पोरी. त्याले मुकुट म्हनू नको.
त्यानी बी लाकूडवर आरोळीच मारी व्हती.
हसना नही तो."

मग ती पांझरेच्या पात्रात उतरली.
फुटक्या ताटलीने वाळू उपसली, कोपरभर, खांद्याभर,
तळाशी ओल आली, मग पाणी,
घामासारखं.
करवंटीने भरायचं. एका हंड्याला एक तास.
सतराचा पाढा मी त्या झिऱ्यावर पाठ केला.

आणि आणखी एक गोष्ट केली तिथे.
रोज, हंडा भरेपर्यंत,
डोळे मिटून मागत राहिले:
तो हापसा आटू दे.

मे महिन्यात आटला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
देवळातही नाही.

पहिली आली उखा पाटलाची सून,
डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढून.
उभी राहिली. हंडा खाली ठेवला नाही.
आई सरकली, वाळूत जागा केली,
म्हणाली, "पानी कोन्हं नसस. भर."
करवंटी माझ्या हातात होती.
मी ती सोडली नाही.
आईने माझं एकेक बोट उचललं,
भुईमुगाची शेंग फोडावी तसं, न रागावता,
आणि करवंटी तिला दिली.
मग मागून सगळा पाडा आला.

पावसाळ्यात हापसा पुन्हा बोलू लागला.
दोन आठवडे दांडा जागेवर राहिला.
आम्ही तिथे पाणी भरलं, सगळ्यांच्या रांगेत.
मला वाटलं, संपलं.
एका सकाळी दांडा नव्हता.
सून तिथेच होती, अर्ध्या हंड्याशी,
पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत.
आई काही बोलली नाही.
घरात गेली, करवंटी घेऊन आली.

पुढे कधीतरी बापाला क्रूसाचा आडवा तुकडा दिसला,
पाटलाच्या गोठ्याला, दाराचा अडसर म्हणून.
तो बराच वेळ बघत राहिला.
घरी येऊन म्हणाला, गुरं तरी निवांत झोपतात.
त्या महिन्यात वेल्डरचे उरलेले पैसे फेडून आला.

आता मी धुळ्यात. चौथ्या दिवशी नळ येतो.
लोक विचारतात, माफ केलंस का त्यांना?
आईने केलं असेल, तिला विचारायचं राहून गेलं.
मी प्रार्थनेला बसते तेव्हा
आधी मूठ उघडायला घेते, एकेक बोट.
करंगळी अजून उघडत नाही.