सातवा मुद्दा

एबी फॉर्म जमा करायची शेवटची वेळ दुपारी तीनची.
अडीचला वत्सला आढांगळे
पार्कसाइटच्या चढावर, माझ्या दुकानात बसलेली.
मांडीवर फाइल, फाइलवर फोन,
फोन गप्प.
घाटकोपरचं वॉर्ड ऑफिस रिक्षाने वीस मिनिटं.
रिक्षावाला दोनदा डोकावून गेला.

मी डीटीपीवाला. लग्नपत्रिका, दहाव्याचे फलक,
पाच वर्षांनी एकदा पत्रकं.
तिचे मुद्दे मीच टाइप केले होते
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरून,
एका महिन्यामागे एक,
डिसेंबर कोरा.

पहिला : संडासात रात्री दिवा. दाराबाहेर नको, आत.
दुसरा : पाणी पहाटे तीनला नको. माणसं जागी असताना सोडा.
पाचवा : टेकडीला संरक्षक भिंत.
इथे माझा अनुस्वार राहिला, भिंतीची भित झाली,
घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.
सातवा : निवडून येईल त्याने
दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
नळाशी स्टुलावर बसून हिशोब वाचावा.
मोठ्याने.

तीन वाजले. सव्वातीन.
फॉर्म कार्याध्यक्षांच्या मेहुण्याला गेला होता, सकाळीच.
सगळ्यांना माहीत होतं, रिक्षावाला आणि ती सोडून.
ती उठली. झेरॉक्सचे किती झाले, म्हणाली.
राहू द्या म्हटलं.
तिने शंभराची नोट काढली,
सुटे मोजून परत घेतले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा माणूस आला.
"तेच मॅटर. फोटो बदल, नाव बदल.
सात काढ."
मी सात काढला.
आकडे सरळ करायला तो बोलला नाही,
मीही केले नाहीत.
सहानंतर आठ. चार हजार प्रती.

मेहुणा आला निवडून.
दोन वर्षांनी संडासात दिवा लागला. आत.
बाहेर पाटी लागली, पाटीवर मेहुणा.
पाणी साडेसहाला यायला लागलं
आणि माझी बायको पहिल्यांदाच
गजर न लावता झोपली.
हे कुणाचं जिंकणं, मला विचारू नका,
मी पानामागे पैसे घेतो.

पुढच्या खेपेला समोरचा पक्ष आला.
"ते त्यांचं होतं ना, तसंच काहीतरी."
मग तिसरा. मग फुटून निघालेला चौथा.
चार चिन्हं, चार रंग,
चौघांच्याही कागदावर संरक्षक भित,
चौघांकडे सहानंतर आठ.
कॉम्प्युटर तीन बदलले,
फाइलचं नाव अजून वत्सला-फायनल.

ती येते अधूनमधून.
गुडघ्यांनी चढ आता दोन दमात होतो.
परवा रेशनकार्डाला लॅमिनेशन करायला आली,
काउंटरवरचा गठ्ठा बघितला,
वरचं पत्रक उचलून वाचलं शेवटपर्यंत,
ओठ हलवत, हिशोब तपासावा तसं.
माझ्या खिशातलं पेन घेतलं
आणि भिंतीवर टिंब दिलं.
एकाच प्रतीवर.
"बाकी बरं छापतोस," म्हणाली.
मी लॅमिनेशनचे पैसे घेतले नाहीत.
तिने ते काउंटरवर ठेवले.

त्याच संध्याकाळी नळापाशी कोपरा सभा.
उमेदवार नवा, शर्टाच्या घड्या तशाच.
बोलून झालं, टाळ्या पडल्या,
तेव्हा शेखांची तहसीन, बारावीची,
हात वर न करताच म्हणाली,
"सहानंतर आठ कसा?"

त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.
प्रिंटिंग मिस्टेक, म्हणाला,
आणि मला शोधायला लागला गर्दीत.
"मिस्टेक चार वेळा?" मागून एक म्हातारी.
"आमच्याकडे जुने सगळे आहेत. पिठाच्या डब्यात घालते मी."
कुणी हसलं.
कुणी म्हणालं, आढांगळेबाईंना विचारा.
कुणी म्हणालं, कोण आढांगळे?

मी खाली बघत होतो.
वर बघितलं तेव्हा
भांडी लावायच्या जागेत
कुणीतरी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलेलं,
आणि उमेदवार त्याच्याकडे
नुसता बघत उभा होता.