काही नाही

सुट्टीचा सोळावा दिवस.
टॅब्लेट कपाटात, रजयांच्या घडीखाली,
कपाटाची किल्ली तूरडाळीच्या डब्यात.
वल्लरी फरशीवर उताणी, पाय भिंतीवर:
"आई, मी काय करू?"

माझ्याकडे उत्तरं होती. दहा-बारा तरी.
रंगपेटी, कोडी, अबॅकसचा क्लास,
शाळेच्या ग्रुपवर आलेली
'सुट्टी सत्कारणी लावा' अशी एक यादीसुद्धा.
सगळी गिळली.
म्हटलं, मला नाही बाई माहीत.
आणि भेंडी चिरत राहिले.

कंटाळ्यालाही मुरायला वेळ लागतो
लोणच्यातल्या फोडीसारखा.
सारखं झाकण उघडून बघितलं
तर बुरशी धरते.

चार वाजता तिच्या हातात गव्हाची पिशवी दिली.
तीन किलो. चक्कीवर. एकटीने, पहिल्यांदाच.
लोकमान्य नगरातून चक्की ती केवढी लांब,
दोन वळणं, एक नाला,
आणि झाकण नसलेलं ते गटार
ज्याची तक्रार मी तीनदा केली आहे.
"नीट बघून जा" एकदाच म्हणायचं ठरवलं होतं.
सात वेळा म्हटलं.

साडेचार.
पाच.
गॅलरीतून दिसतो तो अर्धा कडुलिंब
आणि वैशंपायनांची झाकलेली स्कूटर.
चप्पल घातली. काढली.
परत घातली, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले
जणू मला तिथेच जायचं होतं.

नऊ वर्षांची असताना मी सांगलीत
कुठे कुठे भटकायचे,
आईने कधी विचारलंही नाही, असं मी सगळ्यांना सांगते.
आज वाटलं, तीही बसली असेल
अशाच एखाद्या पायरीवर.
मला कुठे माहीत.

पावणेसहाला आली.
पीठ थोडं कमी, केस थोडे पांढरे,
गुडघा खरचटलेला, वाळूनही गेलेला.
"काय करत होतीस इतका वेळ?"
"काही नाही."

मग रात्री, पोळीच्या घासांमधून,
ते काही नाही
तुकड्या-तुकड्यांनी बाहेर यायला लागलं:

चक्कीचा पट्टा इंग्रजी आठासारखा पिळलेला असतो,
सरळ लावला तर दुसरं चाक उलटं फिरत नाही,
घनश्याम भियांनी चक्की थांबवून दाखवलं.
पीठ बाहेर पडतं तेव्हा गरम असतं,
"मला ताप आला होता ना, तेवढं."
नाल्याकाठच्या कुत्रीला चार पिल्लं,
त्यातलं एक कुणालाच भीत नाही.
फैजानकडे दोन बेअरिंग आहेत, अजून दोन लागतील,
फळी आपल्या गच्चीवर आहे, आहे ना?
आणि सितोलिया नेहमी सहाव्या फरशीला कोसळायचा
कारण ती फरशी मधे फुगलेली होती,
तर तिने ती ओट्याच्या दगडावर घासली.
किती वेळ?
"मोजलं नाही."

"तू लगोरी म्हणतेस ना, आई,
इथे कुणालाच कळत नाही."

गुडघ्याबद्दल ती काही बोलली नाही.
मी विचारलं नाही. जीभ चावली, पण नाही विचारलं.

सकाळी डाळ काढताना किल्ली हाताला लागली.
पुसून परत डब्यात ठेवली.
कुणी मागितली नव्हती.

आता दुपार. वर गच्चीवर
फळी ओढल्याचा आवाज.
हातोडी. कुठून मिळाली हातोडी?
हसणं, भांडण, पुन्हा हातोडी,
आणि मग काहीतरी धाडकन पडलं.

मी सुरी खाली ठेवली.
"वल्लरी?"

क्षणभर शांतता. कुजबुज.
मग एकदम तीन आवाज:
"काही नाही!"

एक फैजानचा.
तिसरा कुणाचा, मला अजून माहीत नाही.

मी सुरी उचलली.