दुसरं फाटक

तो नायनाच्या गॅरेजमध्ये आला तेव्हा
कपाळावरची अक्षरं कुणालाच लागेनात.
एक 'आर' तर पाठमोरा उभा.
मंद्रूपच्या सोसायटीचा ट्रॅक्टर, लाल,
बोटीतून आलेला,
अक्कलकोट रोडच्या धुळीत थांबला
चुकीच्या मांडवात शिरलेल्या जावयासारखा.

मल्लेशम इप्पाकायल, आधी गिरणीत जॉबर,
संपात निघाल्यावर लेथवाला,
त्यानं बॉनेट उचललं आणि हसत सुटला.
आत हीटर.
चव्वेचाळीस डिग्रीत
ड्रायव्हरच्या पायांना ऊब द्यायला हीटर!
"बर्फातलं पोरगं बे हे,
स्वेटर घालूनच जन्मलंय."
हीटर काढला.
रेडिएटरपुढची थंडीची झडपही काढली,
आणि त्या पत्र्यातून अम्मानं
विडीची पानं कापायचा फर्मा करून घेतला.

मी बॅटरी धरायचे.
माझ्या वह्या-पुस्तकांना तेव्हा रशियन मासिकाची कव्हरं,
गुळगुळीत, रॉकेलच्या वासाची.
इतिहासावर गव्हाचं शेत,
गणितावर हेल्मेटमधला माणूस, वर बघणारा.
दोघं एकाच दप्तरात,
पण मला कधी वाटलं नाही
की दोघांचं माहेर एक असेल.

नायनाला वाटलं.
मागच्या हायड्रॉलिकमधली एक पिन.
बाकीच्या साऱ्या ओबडधोबड, हातोडीनं बसणाऱ्या,
ही मात्र बोटानं फिरवली तरी तेलासारखी.
त्यानं मायक्रोमीटर लावला. पुसला. परत लावला.
तिसऱ्यांदा चष्मा काढून.
"नांगर ओढायला एवढी सफाई कशाला?
ही दुसऱ्या शेडची आहे.
कुणीतरी चुकून टाकली या खोक्यात.
नाहीतर मुद्दाम."

आणि विडी विझेपर्यंत
त्यानं मला तो कारखाना सांगितला,
कधीच न पाहिलेला:
नदीकाठी. नकाशात नाव नाही.
पुढच्या फाटकातून ट्रॅक्टर, बँड, हार.
मागच्या फाटकातून रात्री मालगाडी,
ताडपत्रीखाली काहीतरी लांबच लांब.
पोलाद एक. भोंगा एक.
जेवणाच्या सुट्टीत दोन्ही शेडचे लोक एका रांगेत,
फक्त काय करतोस विचारायचं नाही.
बायकोनंही नाही.
"पोरं सांगत असणार शाळेत, बाप ट्रॅक्टर करतो."

तुला कसं माहीत, नायना?

तेव्हा त्यानं त्याच्या बापाचं काढलं.
मोठ्या लढाईच्या सालात
दिवसा चादरी, चादरीत मोर,
रात्रपाळीला कुलूपबंद खात्यात खाकी.
आजोबा घरी येऊन मोरांचंच सांगायचे.
त्यांच्या कानात अडकलेली खाकी रुई
नायना काडीनं काढायचा
आणि काही विचारायचा नाही.

पुढं तो देशच सुटा झाला.
स्पेअर यायचे थांबले, सोसायटी बुडाली,
ट्रॅक्टर गेला किलोच्या भावानं.
एका सकाळी पेपरात आतल्या पानावर चार ओळी:
ट्रॅक्टरच्या आड इतकी वर्षं रॉकेटं,
आता पगार नाही, कामगार फाटकाशी बसून.
मी ओरडून वाचलं, त्याला कमी ऐकू यायचं.
"पिन कधीच बोलली होती," म्हणाला.
मग बराच वेळानं,
"तिथला जॉबर आता काय करत असेल?"
आणि स्वतःच, "सायकली. दुसरं काय."

पिन त्यानं भंगारात दिली नव्हती.
न्हाणीच्या दाराला कडी म्हणून बसवली होती,
आहे अजून. एकदाही अडकली नाही.
पाच दिवसांनी नळाला पाणी येतं,
पहाटे चारला मी घागरी घेऊन उठते,
अंधारात ती ओढते.

थंड लागते. मे महिन्यातसुद्धा.